डबे दोन, कचरा एकच

प्रश्न : धुळ्यातील कार्यालयात दोन डबे ठेवूनही ओला-सुका कचरा एकत्रच होतो, उपाय काय?

उत्तर : घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरणाची, म्हणजे कचरा जिथे निर्माण होतो तिथेच तो वेगळा करण्याची जबाबदारी निर्माण करणाऱ्यावर टाकली असल्याने, टेबलाखालच्या टोपल्या काढून जेवणाच्या जागी नावे लिहिलेले डबे जोडीने ठेवणे इष्ट. वेगळा ठेवलेला सुका कचरा उपयोगी पडतो : जळगावच्या चटई उद्योगात जुन्या प्लॅस्टिकचा दाणा, म्हणजे ते वितळवून केलेला कच्चा माल, वापरला जातो. मात्र शेवभाजीच्या रश्श्याने माखलेली पिशवी धुण्याचा खर्च वाढवते आणि भंगारात तिला भाव मिळत नाही. सफाई कामगाराकडे एकच पोते असेल, तर कर्मचाऱ्यांची सारी मेहनत वाया जाते. व्यवस्थापनाने प्रथम ते पोते पाहावे.