शेवाळाचे कवच

तिळात तेल असते; परंतु तीळ नुसते मुठीत धरल्याने ते हाती येत नाही. त्यासाठी घाणाच फिरवावा लागतो. पाण्यातील सूक्ष्म शेवाळाचीही गोष्ट अशीच आहे.

क्लोरेला ही गोड्या पाण्यात वाढणारी हिरवी, एकपेशीय वनस्पती होय. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८९० साली तिचे वर्णन केले. तिची पेशी सामान्यतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. तरीही वाळलेल्या क्लोरेलाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग प्रथिनांचा असतो. शिवाय स्निग्ध पदार्थ व रंगद्रव्ये असतात ती वेगळीच. यांपासून पौष्टिक अन्न, पशुखाद्य आणि इंधनही करता येते. परंतु या कोठाराभोवती चिवट पेशीभित्तिकेचा तट असतो. तो भेदल्यावाचून आतील धन सहज बाहेर येत नाही. तो भेदण्याच्या कामास पूर्वप्रक्रिया म्हणतात.

तिच्या रीती अनेक आहेत. काचेच्या बारीक मण्यांबरोबर शेवाळ वेगाने घुसळले, म्हणजे पेशी चिरडतात. प्रचंड दाबाखाली ते अरुंद छिद्रातून सोडले, तरी त्या फुटतात. उष्णतेने किंवा आम्लाने भित्तिका दुबळी होते. परंतु त्यामुळे आतील नाजूक पदार्थ बिघडण्याचे भय असते. विकरे हे काम हळुवारपणे करतात. मात्र ती महाग पडतात.

मग कोणती रीत उत्तम? जो पदार्थ हवा, त्यावर ते ठरते. औषधी रंगद्रव्यासाठी अधिक खर्च परवडतो; इंधनासाठी तो परवडत नाही. कवच फोडण्यास लागणारी ऊर्जा मिळणाऱ्या इंधनाहून अधिक झाली, तर तो उद्योग आतबट्ट्याचा ठरतो. अमेरिकेने १९७८ ते १९९६ या काळात शेवाळापासून इंधन मिळविण्याचे मोठे संशोधन केले; परंतु ते इंधन खनिज तेलापेक्षा महागच पडले.

आफ्रिकेतील चाड सरोवराकाठच्या स्त्रिया स्पिरुलिना गाळून, उन्हात वाळवून अन्न म्हणून वापरतात. तिची भित्तिका मृदू असल्याने ती फोडण्याचे श्रम पडत नाहीत. निसर्गाने जेथे दार उघडे ठेवले आहे, तेथे घण कशाला? आणि जेथे ते बंद आहे, तेथे कमीत कमी श्रमांत ते उघडणारी किल्ली शोधणे, हेच शास्त्रज्ञांचे खरे कौशल्य होय.

स्वाध्याय
१. पूर्वप्रक्रिया म्हणजे काय?
२. ‘आतबट्ट्याचा उद्योग’ म्हणजे काय, ते पाठाच्या आधारे सांगा.