स्टीमची नवी मांडणी जड का वाटते?

प्रश्न : जुन्या संगणकावर स्टीममधील खेळांचा संग्रह उघडण्यास फार वेळ लागतो. पूर्वीची साधी यादी परत मिळू शकते का?

उत्तर : व्हॉल्व्ह कंपनीने 2003 मध्ये आणलेल्या स्टीमचा इंटरफेस, म्हणजे ज्या खिडक्या, बटणे आणि याद्यांमधून वापरकर्त्याचा ॲपशी व्यवहार होतो तो दर्शनी भाग, आरंभी ऑलिव्ह हिरवा आणि काहीसा रुक्ष होता, ऑक्टोबर 2019 मध्ये मात्र संग्रहाला उभ्या मुखपृष्ठांची मांडणी मिळाली, आणि ती वेब ब्राउझरच्या गाभ्यावर, म्हणजे क्रोमियमवर, चालत असल्याने प्रत्येक चित्रासाठी मेमरी आणि ग्राफिक्सची शक्ती खर्ची पडू लागली. संथपणाचे मूळ बहुधा येथेच असते. या पद्धतीमुळे एकच रचना विंडोज, मॅक, लिनक्स आणि हातात धरून खेळण्याच्या स्टीम डेकवर वापरता येते, हा लाभ प्रामुख्याने निर्मात्याचा आहे, जुन्या यंत्राच्या मालकाचा नव्हे. पूर्वीची मांडणी अधिकृतपणे परत मिळत नाही. तथापि ‘व्ह्यू’ मेनूतील ‘स्मॉल मोड’ निवडल्यास केवळ नावांची अरुंद यादी उरते, आणि सेटिंग्जच्या ‘लायब्ररी’ विभागातील ‘लो परफॉर्मन्स मोड’ चालू केल्यास दृश्य परिणाम कमी होऊन भार हलका होतो.