पत्र : हातचे आणि यंत्राचे

खाजगी पत्र स्वहस्ते लिहावे की टंकलिखित चालेल, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु टंकलिखित पत्र हाती पडले की वडीलधारी माणसे नाराज होतात. ‘कचेरीतून आल्यासारखे वाटते’ हा शेरा आमच्या विचुंब्यातही मी ऐकला आहे. या नाराजीत तथ्य किती, ते पाहू.

हस्ताक्षराची बाजू बळकट आहे, यात शंका नाही. घाईत अक्षर तिरपे होते, खोडलेला शब्द तसाच दिसतो, आंतरदेशीय पत्राची जागा संपली की उरलेला मजकूर कडेने आडवा धावतो. लिहिणाऱ्याची मनःस्थिती त्यातून कळते. यंत्राला हे साधत नाही. संगणकावर जोडाक्षरे सुबक उमटतात, पण सर्वांची सारखीच.

तरीही आपुलकी केवळ अक्षरात असते काय? साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ आपण छापील रूपातच वाचतो. गुरुजींचे अक्षर आपल्यासमोर नसते, पण माया जाणवते. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसासमोर बसणाऱ्या पत्रलेखकांकडून निरक्षर कामगार घरी पत्रे लिहून घेत. अक्षर परक्याचे, पण खुशाली आपल्या माणसाची असे.

वाचणाऱ्याची सोय हाही मुद्दा आहे. माझी आत्या पेणला असते. तिची दृष्टी अधू झाल्यापासून हाताने लिहिलेले पत्र तिला शेजाऱ्यांकडून वाचून घ्यावे लागे. साहजिकच घरातील देण्याघेण्याच्या, दुखण्याखुपण्याच्या गोष्टी चारचौघांत जात. संगणकावर मोठ्या टाइपात लिहिलेले पत्र ती स्वतः वाचते. येथे यंत्रानेच पत्राचा खाजगीपणा राखला, असे म्हणावे लागते.

या वादाचे उत्तर आपल्या इतिहासात सापडते. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मराठेशाहीत थोरांच्या पत्रांचा मजकूर बहुधा चिटणीस वा कारकून मोडीत लिहीत. परंतु पेशवाईतील कित्येक पत्रांच्या अखेरीस ‘हे विनंति’ किंवा ‘हे आशीर्वाद’ एवढे शब्द पाठविणारा स्वतःच्या हाताने लिहीत असे. मजकूर दुसऱ्याच्या अक्षरात असला तरी त्या दोन शब्दांनी पत्र त्याचे ठरे.

आजचा संगणक हा आपला कारकूनच होय. त्याने मजकूर लिहावा, त्यात गैर काही नाही. मात्र कारकुनाने लिहिलेले वाचून पाहण्याची आणि अखेरच्या ओळी स्वहस्ते लिहिण्याची जबाबदारी आपली. आत्याच्या पत्राखाली ‘तुझी प्रकृती जप’ एवढे मी जाड पेनाने लिहितो. ज्यांना आपले अक्षर वाचता येते, त्यांना सबंध पत्र हाताने लिहावे. ज्यांना येत नाही, त्यांना निदान मायना आणि शेवट तरी आपल्या हातचा असावा, असे माझे मत आहे.