गाय उलटते कां? गर्भाच्या पहिल्या तीन आठवड्यांचा विचार

चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या मुलखांत कठाणी गाईचें वासरूं म्हणजे पुढील नांगराचा बैल होय. सबब फळविलेली गाय एकवीस दिवसांनीं उलटली कीं तीस वांझ ठरवून बाजार दाखविण्याची घाई होते. ही घाई योग्य नव्हे, असें आम्हांस वाटतें. पुष्कळदां गर्भ धरलेला असतो, परंतु तो आंतल्या आंत नाश पावतो. हें कसें घडतें तें पाहूं.

आरंभीं गर्भाजवळ स्वतःची मिळकत नसते. मातेनें अंड्यांत सांठविलेल्या प्रथिनांवर तो वाढतो. एका पेशीच्या आठ ते सोळा पेशी झाल्यावरच तो स्वतःचीं प्रथिनें मोठ्या प्रमाणांत तयार करूं लागतो. तोंवर उष्णतेपासून पेशींचें रक्षण करण्याची त्याची शक्ति फार थोडी असते. म्हणून फळविल्यानंतरचा पहिला दिवस कडक उन्हांत गेल्यास गर्भ दगावण्याचें भय विशेष. तिसऱ्या दिवसापासून तो अधिक ताप सोसतो.

नवव्या-दहाव्या दिवशीं गर्भ आपलें प्रथिनमय कवच फोडून बाहेर पडतो व पुढें दोऱ्यासारखा लांबतो. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास तो इंटरफेरॉन टाऊ नांवाचें प्रथिन भरपूर सोडतो. "मी येथें आहें" असा हा मातेस निरोपच होय. निरोप पोंचला तर अंडाशयावरील पीतपिंड टिकतो व गर्भ राखणारें प्रोजेस्टेरॉन स्रवत राहतें. न पोंचल्यास गर्भाशयांतून प्रोस्टाग्लँडिन सुटतें, पीतपिंड विरतो व गाय पुनः माजावर येते. हें प्रथिन इंटरफेरॉन वर्गांतील असल्याचें १९८७ सालीं उघडकीस आलें. मनुष्यांत हें कार्य निराळें प्रथिन करितें. घरगुती गर्भपरीक्षेची पट्टी तेंच ओळखते.

तात्पर्य, मे महिन्यांत जेथें पारा ४५ अंशांवर चढतो, तेथें फळविलेली गाय निदान तीन दिवस तरी दुपारीं रानांत हांकूं नये. तीस दाट सावली व वारंवार थंड पाणी द्यावें. तारीख लिहून ठेवावी व अठराव्यापासून चोविसाव्या दिवसापर्यंत माजावर लक्ष ठेवावें. तीन वेळां उलटल्यास पशुवैद्यास दाखवावी. न उलटल्यास दोन-तीन महिन्यांनीं गाभण असल्याची तपासणी करवावी. एका उन्हाळ्याच्या दोषासाठीं गोठ्यांतील चांगली गाय गमावूं नये, इतकेंच शेतकरी बंधूंस आमचें सांगणें आहे.