भरतीची धाव आणि हाडांची सहनशक्ती

दापोलीचा उल्लेख जुनी मंडळी आजही ‘कॅम्प दापोली’ असाच करतात. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली. पुढे छावणी उठली. परंतु या परिसराचे सैन्याशी जडलेले नाते तुटले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस वास्तव्यास होते. सैन्यात किंवा पोलीस दलात जाण्याची आकांक्षा येथील तरुणांत आजही आहे.

अग्निवीर भरतीत तसेच राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारांना १,६०० मीटर धावावे लागते. पोलीस भरतीत महिलांसाठी हे अंतर ८०० मीटर आहे. अंतर फार मोठे नाही. अडचण असते ती तयारीच्या पद्धतीत. जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंत स्वस्थ बसायचे आणि त्यानंतर सकाळ-संध्याकाळ जीव तोडून धावायचे, या घाईत नडगीचे दुखणे जडते आणि वर्षभराची आशा मैदानावर पोहोचण्यापूर्वीच मावळते.

हाड का चिरते?

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. त्यावर नवा भार पडू लागला की शरीर जुना भाग झिजवून काढते आणि त्या जागी अधिक मजबूत हाड घडविते. झिजविण्याचे काम सुमारे तीन आठवड्यांत होते. भरणीस मात्र साधारण तीन महिने लागतात. म्हणून सराव सुरू झाल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड काहीसे दुबळे असते. नेमक्या त्याच वेळी दम वाढलेला असतो, स्नायू साथ देऊ लागतात आणि उमेदवार अंतर दुप्पट करतो. अशा वेळी हाडास सूक्ष्म चीर पडते. यालाच ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात.

हा विकार प्रथम ओळखला गेला तो सैनिकांमध्येच. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या पायांना येणाऱ्या वेदनायुक्त सुजेचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर १८९७ साली त्यामागे तळपायाच्या लांब हाडांतील चीर असल्याचे दिसून आले. इस्रायलमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९५ नवसैनिकांपैकी ३१ टक्के जणांना असा अस्थिभंग झाल्याचे आढळले. पुढे तेथे कूच करण्याचे अंतर कमी करून आणि किमान सहा तास झोपेची सक्ती करून हे प्रमाण निम्म्याहूनही खाली आणण्यात आले. शिस्त शिथिल न करताही इजा टाळता येतात, हाच यातील बोध होय.

लक्षणे ओळखावीत

नडगीच्या आतील कडेने पसरट दुखत असेल, तर ते बहुधा अतिश्रमाचे प्रारंभिक लक्षण असते. परंतु बोटाने दाबल्यास एकाच ठिकाणी तीव्र कळ येणे, धावताना ती वाढत जाणे आणि पुढे चालताना किंवा रात्रीही दुखणे, ही हाडास चीर पडल्याची चिन्हे होत. पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण चित्रात ती दिसेलच असे नाही. म्हणून चित्र निर्दोष आले तरी दुखणाऱ्या पायाने धावू नये. बहुतेक चिरा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येतात. जांघेत दुखत असल्यास मात्र मुळीच दिरंगाई करू नये. मांडीच्या हाडाच्या मानेस पडलेली चीर सरकल्यास शस्त्रक्रिया करावी लागते आणि कायमचे अपंगत्वही येऊ शकते. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे म्हणजे धोक्याची घंटाच बंद करणे होय.

कोकणातील जमीन आणि हवा

जांभ्याचा कातळ व डांबरी रस्ता कठीण असतात; उतारावर धावताना पायांस अधिक हादरे बसतात. मुरूड-कर्दे किनाऱ्यावरील कोरड्या वाळूत पोटऱ्यांवर ताण पडतो, तर कलत्या पुळणीवर एकाच दिशेने धावल्यास एका पायावर अधिक भार येतो. यासाठी सपाट मातीचे मैदान उत्तम.

दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीरातील उष्णता साठत जाते. धावताना बोलणे असंबद्ध होणे, तोल जाणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी रुग्णास तत्काळ सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. अतिश्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाल्यास स्नायूंना गंभीर इजा झालेली असू शकते. त्वरित रुग्णालय गाठावे. झारखंडमध्ये २०२४ साली उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावेच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले आणि भरती काही दिवस थांबवावी लागली.

गावपातळीवर काय करता येईल?

सरावाचा आरंभ भरतीपूर्वी किमान चार ते सहा महिने व्हावा. प्रारंभी चालणे व धावणे आलटून पालटून करावे. आठवड्याचे एकूण अंतर एकदशांशाहून अधिक वाढवू नये, हा ढोबळ नियम पाळावा. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि दर चौथ्या आठवड्यात हलका सराव ठेवावा. झिजलेले बूट वापरू नयेत.

आहारात नाचणी, दूध, कुळीथ आणि काट्यांसह खाल्ली जाणारी लहान मासळी असावी. १०० ग्रॅम नाचणीतून ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. वजन घटविण्यासाठी उपाशी राहून धावणे घातक आहे. मुलींची मासिक पाळी अनियमित झाल्यास अन्न अपुरे पडत असल्याची ती सूचना असू शकते. शिक्षिकांनी ही गोष्ट विनासंकोच समजावून सांगावी.

ग्रामपंचायतीने मातीची एक धावपट्टी राखावी. क्रीडाशिक्षक व निवृत्त सैनिक यांनी प्रत्येक उमेदवाराच्या सरावाची वही ठेवावी आणि ‘कुठे दुखते?’ हा प्रश्न दर आठवड्यास विचारावा. दुखणे सांगणारा तरुण भित्रा नसतो. वेळीच थांबलेला उमेदवार पुढील भरतीत पुन्हा उभा राहू शकतो. दुखणे लपविणाऱ्यास ती संधी मिळेलच असे नाही.