प्रश्न सभागृहात जातो कसा? सभासदांसाठी एक पाठ



अधिवेशन जवळ आलं की गटसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमदारांनी हा प्रश्न विधानसभेत मांडायला पाहिजे." वाक्य बरोबर आहे. पण मांडायचा म्हणजे नेमकं काय करायचं, कोणत्या मंत्र्याला विचारायचं आणि कोणत्या शब्दांत, असं विचारलं की सभा गप्प होते. रस्ता, ऊसबिल आणि सांडपाणी या तीन गोष्टींवरून आपलं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं चालू आहे. म्हणून या अंकात तेवढाच विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न आणि भाषण यांत फरक आहे. भाषणाला मंत्र्यानं उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. स्वीकारलेल्या प्रश्नाला मात्र सरकारकडून उत्तर यावंच लागतं, आणि ते छापलं जातं. नियमात याचे दोन मुख्य प्रकार आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर आमदाराला उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं आणि तिथंच विषय थांबतो. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तोंडी उत्तराला तासभरच मिळतो, त्यामुळं २० पैकी थोड्याच प्रश्नांवर खरी उलटतपासणी होते. बाकीच्यांची उत्तरं लेखी स्वरूपात पटलावर ठेवली जातात. म्हणून "आमचा प्रश्न लागला" एवढ्यावर खूश होऊन घरी जायचं नसतं. तो कितव्या नंबरला लागला, हेही बघायचं असतं.

या उपप्रश्नाच्या हक्काला मोठा इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात १८९२ च्या कायद्यानं कायदेमंडळाच्या सभासदांना नुसता प्रश्न विचारायची मुभा मिळाली. उत्तर मिळालं की तोंड मिटायचं. १९०९ साली मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाचा हक्क मिळाला, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सभासदांनाही मिळाला. स्वातंत्र्यानंतर या हक्काची ताकद देशाला कळली ती १९५७ साली. आयुर्विमा महामंडळानं मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर्स घेतले, त्याबद्दल लोकसभेत प्रश्न निघाला. उत्तरातल्या फटी फिरोज गांधींनी उघड्या केल्या, न्यायमूर्ती छागलांचा चौकशी आयोग नेमला गेला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. हे सगळं सुरू झालं ते एका प्रश्नापासून.

कोणाचं खातं, कोणाचं उत्तर

आपली निम्मी मेहनत इथंच वाया जाते. समजा, कारखान्याकडं येणाऱ्या रस्त्याला खड्डे पडलेत, ट्रॉली कलंडते, गाडीवानाचा बैल पाय मोडून बसतो. तर विचारायचं कुणाला? राष्ट्रीय महामार्ग असेल तर तो दिल्लीचा विषय, आमदाराचा उपयोग नाही, खासदारच पाहिजे. राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर मुंबईत सार्वजनिक बांधकाम मंत्री. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडं, म्हणून ग्रामविकास मंत्री. आणि खड्डा नसून रात्री बिनदिव्याची, मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली हा मुद्दा असेल, तर तो परिवहन खात्याचा. त्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून कुणी दगावलं आणि गुन्ह्याचा तपास रखडला, तर गृहखात्याचा. एकाच रस्त्यावरच्या एकाच ट्रॉलीला तीन मंत्री! आपण मात्र सरसकट "वाहतूकमंत्र्यांना जाब विचारा" म्हणतो.

उसाचं तर विचारूच नका. घटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्याच्या यादीत आहे, पाणीही राज्याच्या यादीत आहे. पण उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र ठरवतं. कृषिमूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक समिती निर्णय घेते. साखरेचा कारभार दिल्लीत कृषिमंत्र्यांकडं नाही, तो अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडं आहे. इथेनॉल तेल कंपन्या घेतात, म्हणजे पेट्रोलियम मंत्रालय आलं. आसवनीला पर्यावरण मंजुरी हवी, म्हणजे पर्यावरण मंत्रालय. आणि कारखान्यानं ठरलेला दर दिला की नाही हे बघणारे साखर आयुक्त पुण्यात, राज्य सरकारच्या हाताखाली. दर कमी का, हा प्रश्न दिल्लीत. दर दिला का नाही, हा प्रश्न मुंबईत किंवा नागपुरात. ज्या बाबीशी केंद्र सरकारचा मूळ संबंध नाही ती लोकसभेत विचारली, तर प्रश्न दारातूनच परत येतो.

प्रश्न लिहायचा कसा

आपल्या विधानमंडळातल्या प्रश्नाला एक ठरावीक साचा आहे. "सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" अशी सुरुवात. मग पहिला भाग, "... हे खरे आहे काय?" दुसरा, "असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली?" शेवटचा, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" साचा साधा दिसतो, पण सगळा खेळ पहिल्या भागावर आहे. त्याला मंत्र्यांनी "हे खरे नाही" म्हटलं, की पुढच्या सगळ्या भागांपुढं तीन शब्द छापून येतात, "प्रश्न उद्भवत नाही". गाव वर्षभर घसा फोडून ओरडतं, आणि हाती हे तीन शब्द पडतात.

मी स्वतः पाहिलेलं एक उदाहरण सांगतो. गावाचं आणि कारखान्याचं नाव घेत नाही. ओढ्याकाठच्या एका विहिरीचं पाणी तांबूस झालं, वास मारायला लागलं. वरच्या अंगाला आसवनीचं तळं होतं. गावकऱ्यांनी आमदारांना गाठलं, आमदारांनीही मनावर घेतलं. प्रश्न गेला तो असा, "अमुक तालुक्यात कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे मोठ्या प्रमाणावर प्रदूषण होऊन शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान होत आहे, हे खरे आहे काय?" उत्तर आलं, "हे खरे नाही." आणि एका अर्थानं मंत्री खोटं बोलले नव्हते. 'मोठ्या प्रमाणावर' म्हणजे किती? कोणता कारखाना? कोणती तारीख? अख्ख्या तालुक्यात प्रचंड नुकसान नव्हतंच, तीन विहिरींचं होतं. मोठे शब्द घातले की मंत्र्यांना नाही म्हणायला मोठं दार मिळतं.

दुसऱ्या वेळी गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आधी कागद गोळा केले. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी येऊन नमुना घेऊन गेला होता. त्याचा अहवाल त्यांनी माहितीच्या अधिकारात मागितला. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. अहवाल हातात आल्यावर प्रश्न लिहिला गेला. अमुक तारखेला मंडळाच्या अधिकाऱ्यांनी अमुक गट नंबरमधील विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतला, हे खरे आहे काय? असल्यास, त्यात बीओडीचे प्रमाण किती आढळले? त्या कारखान्याच्या संमतिपत्रात कोणती मर्यादा घातलेली आहे? यात विशेषण एकही नाही. नमुना घेतलाच होता, त्यामुळं "हे खरे आहे" म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि पुढचे आकडे छापावे लागले.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जीवजंतूंना लागणारा प्राणवायू. आकडा जितका मोठा तितकं पाणी घाण. साखर कारखान्यानं शुद्ध करून नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याला लिटरमागं ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, जमिनीवर सोडायच्या पाण्याला १०० ची. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारा कच्चा स्पेंटवॉश चाळीस हजारांच्या पुढं असतो. म्हणून तो बाहेर जाताच कामा नये, असा दंडक आहे. हे आकडे सभासदानं पाठ ठेवावेत. आपणच कारखान्याचे मालक, आणि आपल्याच विहिरी ओढ्याकाठी.

बिलाचा प्रश्न आणि व्याजाचा हिशेब

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर सालीना १५ टक्के व्याज, असं त्यात स्पष्ट आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. समजा, हातात टनास ३,००० यायचे होते, ऊस १०० टन, आणि पैसे मुदतीनंतर ६० दिवसांनी मिळाले. तर ३ लाखांवर व्याज होतं सुमारे ७,४०० रुपये. किती जणांनी हे व्याज कधी पाहिलं आहे? आता "ऊस उत्पादकांची थकबाकी आहे, हे खरे आहे काय" असं विचारून काही हाती लागत नाही, उत्तर येईपर्यंत थकबाकी फिटलेली असते. विचारायचं असं, की गेल्या हंगामात १४ दिवसांनंतर पैसे देणारे कारखाने किती, त्यांतल्या किती जणांनी व्याज दिलं, आणि साखर आयुक्तांनी महसुली वसुलीचे आदेश किती काढले.

एक अडचण मोकळेपणानं बोलली पाहिजे. आपल्याकडं पुष्कळदा आमदार आणि चेअरमन एकच असतात, नाहीतर एकाच घरातले असतात. मग प्रश्न विचारायचा कुणी? तर विधान परिषदेचे सभासदही प्रश्न विचारू शकतात, शेजारच्या मतदारसंघाचा आमदारही विचारू शकतो. एका प्रश्नावर पाच-दहा सभासदांची नावं असतात, आणि ती वेगवेगळ्या पक्षांची असली तर जास्त बरं. वाईटपणा एकट्यावर येत नाही.

वेळ निघून जाते तेव्हा

प्रश्नाला आगाऊ सूचना लागते, लोकसभेत किमान १५ दिवसांची. आता ७ डिसेंबर २०२३ आठवा. गाळप जोरात, आणि केंद्रानं त्या हंगामापुरती उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. त्याच दिवशी नागपूरचं अधिवेशन सुरू झालं, दिल्लीतही संसद चालू होती. १५ डिसेंबरला केंद्रानं बंदी सैल करून १७ लाख टन साखरेइतका रस-मळी इथेनॉलला वळवायला परवानगी दिली. सगळा प्रकार आठ दिवसांत उरकला. तारांकित प्रश्नाची सूचना त्यात बसतच नाही. अशा वेळी लक्षवेधी सूचना कामाला येते. एकाद्या तातडीच्या सार्वजनिक बाबीकडं मंत्र्याचं लक्ष वेधायचं आणि त्यानं निवेदन करायचं. ही रीत १९५४ पासून आपल्याकडंच निघालेली, इंग्लंडकडून घेतलेली नव्हे. अल्प सूचनेचा प्रश्नही असतो, पण त्याला मंत्र्यांची तयारी लागते.

प्रकरण न्यायालयात असलं तर मात्र प्रश्नाची वाट अडते, "बाब न्यायप्रविष्ट आहे" म्हटलं की संपलं. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा राज्य सरकारचा निर्णय २०२२ चा. तो शेवटी मुंबई उच्च न्यायालयात २०२५ साली रद्द झाला. सगळीच कुलपं सभागृहाच्या किल्लीनं उघडत नाहीत.

उत्तरानंतरचं काम

मंत्री उपप्रश्नाला उत्तर देताना म्हणतात, "तपासून पाहू", "विचाराधीन आहे", "कार्यवाही करू". आपल्याला वाटतं, टोलवलं. पण ही वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात. त्यासाठी आश्वासन समिती असते, लोकसभेत ती १९५३ पासून आहे आणि पूर्ततेला तिथं तीन महिन्यांची मुदत असते. आपल्या विधानमंडळातही अशी समिती आहे. वर्तमानपत्रात बातमी आली की आपण कात्रण ठेवतो. त्याऐवजी छापील कार्यवृत्तातलं मंत्र्यांचं नेमकं वाक्य, तारीख आणि प्रश्न क्रमांक लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी आमदारांकडं जाताना हातात तोच कागद लागतो.

त्या विहिरीचं पुढं काय झालं, तर उपप्रश्नावर "तपासणी करून कार्यवाही करू" एवढंच मिळालं होतं. शिक्षकांनी ते वाक्य सोडलं नाही, दर अधिवेशनाला आमदारांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तिसऱ्या खेपेला तळ्याला अस्तर झालं आणि ओढ्याकडचा पाट बुजवला गेला. विहीर दोनदा उपसली. गुरं तिचं पाणी तोंडाला लावायला आणखी दोन पावसाळे गेले, आणि घरात मात्र अजून प्यायला टाकीचंच पाणी वापरतात.