डाय-कटिंग मशीन घेण्याआधी एका नगाचा हिशेब

संक्रांतीच्या वाणाची डबी, बारशाला पाळण्यामागे लावायची नावाची पाटी, आहेराचं पाकीट, आकाशकंदील. कागद कापून केलेल्या अशा वस्तू घरच्या घरी करता याव्यात म्हणून डाय-कटिंग मशीन घेण्याचा विचार हल्ली अनेक जण करतात. दुकानात पहिला प्रश्न ‘मशीन केवढ्याला?’ हाच असतो. पण मशीनचे पैसे एकदाच जातात. कागद, मॅट, ब्लेड आणि आपला वेळ यांचा खर्च प्रत्येक नगामागे होत राहतो. म्हणून आधी काय करायचं ते ठरवा, मग एका नगाचा हिशेब मांडा आणि त्यानंतरच मशीन निवडा.

हाताचं की संगणकाचं?

हाताच्या मशीनमध्ये दोन रूळ आणि एक हँडल असतं. धारदार कडेचा धातूचा साचा म्हणजे डाय. डाय आणि कागद प्लास्टिकच्या पाट्यांमध्ये ठेवून रुळांतून फिरवले की आकार कापला जातो. वीज, इंटरनेट काही लागत नाही. मात्र डायमध्ये जो आकार तोच मिळतो आणि नवा आकार हवा तर नवा डाय घ्यावा लागतो. प्लास्टिकच्या पाट्यांवर चरे पडतात आणि त्या वाकतात. दर वेळी उलटून वापरल्या तर जास्त टिकतात, पण शेवटी बदलाव्या लागतातच.

संगणकावर चालणाऱ्या मशीनला डाय लागत नाही. चिकट मॅटवर लावलेला कागद मशीन पुढे-मागे सरकवतं आणि बारीक ब्लेड स्क्रीनवरच्या रेषेप्रमाणे कापत जातं. क्रिकट, सिल्हुएट आणि ब्रदर ही यातली परिचित नावं. ब्रदरच्या ‘स्कॅन-एन-कट’मध्ये स्कॅनरही असतो, त्यामुळे हाताने काढलेली नक्षी थेट कापता येते.

एकच फूल, एकच डबी वर्षानुवर्षं करायची असेल तर हाताचं मशीन पुरतं. प्रत्येक नगावर वेगळं नाव हवं असेल तर संगणकाचंच घ्यावं लागतं.

अंदाजासाठी: हाताचं लहान मशीन ३ ते ६ हजार रुपये, ए-फोर रुंदीचं ८ ते २० हजार. संगणकाचं साडेचार इंच रुंदीचं मशीन १२ ते २० हजार, १२ इंचांचं २५ ते ४५ हजार. मॉडेल आणि सवलतीनुसार आकडे बदलतात, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी भाव काढा.

तिसराही मार्ग आहे. एकाच आकाराच्या पाचशे पत्रिका किंवा डब्या हव्या असतील तर छापखान्यात पंचिंग करून घ्या. डाय बनवण्याचा खर्च एकदाच पडतो, पुढचा नग स्वस्त होत जातो. एवढ्या नगांसाठी घरच्या मशीनवर बसणं परवडत नाही.

सॉफ्टवेअरचा छुपा खर्च

क्रिकटचं ‘डिझाइन स्पेस’ मोफत वापरता येतं, पण त्यातली बरीच चित्रं आणि अक्षरं सदस्यत्व घेतल्याशिवाय किंवा वेगळे पैसे दिल्याशिवाय मिळत नाहीत. मार्च २०२१मध्ये या कंपनीने सदस्यत्व न घेणाऱ्यांना महिन्याला फक्त २० डिझाइन चढवू देण्याचं जाहीर केलं होतं. ग्राहक खवळले आणि निर्णय मागे घ्यावा लागला. अटी नंतरही बदलू शकतात, हे यातून लक्षात ठेवावं. सिल्हुएटचं मूळ सॉफ्टवेअर मोफत आहे, वरच्या आवृत्तीला पैसे पडतात. एसव्हीजी, म्हणजे रेषांनी बनलेल्या चित्राची फाइल कोणत्या आवृत्तीत उघडते, हे घेतानाच विचारा.

मराठी नाव कापताना

इंग्रजी नावाची सुटी अक्षरं एकेक करून चिकटवावी लागतात. देवनागरी नाव शिरोरेषेमुळे अखंड निघतं. ग, ण, श यांचे सुटे भागही तीच धरून ठेवते. अडचण अनुस्वाराची. ‘मंगेश’चा ठिपका सुटा कापला जातो आणि हरवतो. तो डिझाइनमध्येच खाली ओढून शिरोरेषेला टेकवा.

काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की पहिली वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. त्यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे ‘इंकस्केप’ हे मोफत सॉफ्टवेअर. त्यात नाव टाइप करून त्याचा पाथ (बाह्यरेषा) करा, अक्षरं एकमेकांत जोडून घ्या आणि एसव्हीजी म्हणून साठवा. जोडणी राहिली तर अक्षरं जिथे एकमेकांवर येतात तिथे ब्लेड आरपार जातं. फाँटही विकत घ्यायला नको. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘बलू’ आणि ‘मुक्त’ मोफत मिळतात आणि धंद्यातही वापरता येतात. ‘बलू’ जाड आणि गोलसर असल्याने बारीक आकारातही तुटत नाही.

पन्नास डब्यांचा हिशेब

तिळगुळाच्या पन्नास लहान डब्या करायच्या आहेत. १२ बाय १२ इंचांच्या कार्डशीटमधून दोन डब्या निघतात. खालचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

- कार्डशीट: २५ आणि वाया जाणारी ३, अशा २८ शीट, दर २० रुपये: ५६० रुपये
- मॅट: किंमत ५००, चाळीस वेळा चालेल असं धरून दर कटिंगला १२.५०: ३५० रुपये
- ब्लेड: दर कटिंगला १ रुपया: २८ रुपये
- गोंद आणि दुहेरी टेप: डबीला २ रुपये: १०० रुपये
- मशीनची झीज: ३० हजारांचं मशीन तीन हजार कटिंग देईल असं धरून दर कटिंगला १० रुपये: २८० रुपये
- मजुरी: डबीला ६ मिनिटं, म्हणजे ५ तास, ताशी १०० रुपये: ५०० रुपये
- डिझाइन आणि चाचणी: १ तास: १०० रुपये

एकूण १,९१८ रुपये, म्हणजे डबीमागे साधारण ३८. यात महागड्या मशीनपेक्षा मॅटचा वाटा मोठा आहे. प्रत्येक डबीवर पाहुणीचं नाव लावायचं ठरलं, तर नाव टाइप करणं, तपासणं, चिकटवणं यात आणखी पाच मिनिटं जातात. कागद धरून दहा रुपये वाढतात आणि डबी ४८वर जाते. पन्नासऐवजी एकच डबी मागितली, तर डिझाइनचे शंभर रुपये त्या एकीवर पडतात. सुट्या नगाचा दर वेगळा का, हे गिऱ्हाइकाला सांगताना हाच हिशेब दाखवा.

खर्च कुठे वाचतो?

मॅटवर. वापर झाला की वरचं प्लास्टिक परत लावून ठेवा. धूळ आणि कागदाचे तंतू अल्कोहोल नसलेल्या ओल्या वाइपने पुसा. चिकटपणा बराचसा परत येतो.

कागदावर. डबीला २०० ते ३०० जीएसएमचं (चौरस मीटरमागे ग्रॅम वजनाचं) कार्ड लागतं. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, त्याची डबी उभी राहत नाही. हातकागद देखणा दिसतो, पण त्याचे लांब तंतू ब्लेडला ओढले जातात आणि कड फाटते. तो मागच्या थराला वापरा आणि वरची नक्षी गुळगुळीत कार्डची करा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, कागद दमट होतो आणि नीट कापला जात नाही. सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवा. नवा कागद आणला की कोपऱ्यात छोटा चौकोन कापून बघा, मगच पूर्ण शीट लावा.

खरेदीत. पुण्यात बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट इथे कागद आणि सजावटीचं सामान मिळतं. शीट गठ्ठ्याने घेतल्या तर स्वस्त पडतात, पण पहिल्याच खेपेला गठ्ठा उचलू नका.

महाराष्ट्रात २०१८मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्यामुळे गणपतीच्या मखराला कार्डचं कटिंग चांगला पर्याय ठरतो. बारा इंचांत न मावणारं मखर तुकड्यांत कापून जोडावं लागतं, त्याचा वेळ हिशेबात धरा.

पैसे देण्याआधी विचारा

- मॅट, ब्लेड आणि पाट्या आपल्या शहरात मिळतात का, आणि केवढ्याला?
- वॉरंटी भारतातली आहे का? परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या मशीनला ती बहुधा लागू नसते. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय ना, तेही पाहा.
- जुनं मशीन असेल तर विकणाऱ्यासमोरच स्वतःच्या खात्याला जोडून, एक नाव कापून बघा.
- आपला कागद दुकानात नेऊन त्यावर प्रात्यक्षिक मागा.

विक्रीसाठी करणार असाल तर कार्टूनमधल्या पात्रांपासून लांब राहा. त्यांचे हक्क कंपन्यांकडे असतात आणि फाइल विकत घेतली म्हणून ती पात्रं वापरून वस्तू विकण्याची परवानगी मिळत नाही.

वर्षाला दोन-चार वाढदिवस आणि एक हळदीकुंकू एवढंच काम असेल, तर मशीन असलेल्या कारागिराकडून कापून घ्या आणि जोडणी घरी करा. महिन्याला शंभरच्या आसपास नावाचे नग जात असतील, तरच १२ इंचांच्या मशीनकडे वळा.